पाय धरून बघायचा

“बोलू नगा बाई, बोलू नगा.” धुरपताबाईंनी ओठांवर बोट ठेवलं. “सटवाई खेळवायलीय तिला.”

कोकिळा सिस्टरच्या हातात सलाईनची नळी होती. ती तशीच धरून ती वॉर्मरपाशी आली. वॉर्मरच्या उबेत दोन दिवसांची मुलगी उताणी निजली होती. तोंडानं चुटूचुटू करत होती. ओठांचा एक कोपरा हसल्यासारखा वर जात होता आणि डावा पाय सायकल मारल्यासारखा पुढंमागं होत होता. दवाखान्याचा निळा गाऊन घातलेल्या तिच्या आजी, धुरपताबाई, मान वाकवून इतक्या कौतुकानं बघत होत्या, की शेजारचं मशीन वाजतंय हेही त्यांच्या गावी नव्हतं.

कोकिळेनं नळी ठेवली आणि बाळाचा पाय हलकेच मुठीत धरला. नुसतं थरथरणारं बाळ असं धरलं की थांबतं. हा पाय थांबला नाही. मुठीतल्या मुठीत ओढ घेत राहिला.

“कवापासून चाललंय हे, मावशी?”

“काल दुपारपून. चार-पाच येळा झालं की.”

“आन् मला सांगितलं न्हाई?”

“त्यात काय सांगायचं?” धुरपताबाईंना उलट अभिमान वाटत होता. “सटवाई खेळवायली म्हंजी मधी बोलू न्हाई. रुसून जाती ती. म्या तर हूं का चूं केलं न्हाई.”

कोकिळेनं डॉक्टर सिद्धोधनांना हाक मारली. ते पोरसवदा डॉक्टर धावतच आले, बाळाच्या डोळ्यांत बघितलं आणि म्हणाले, “झटके आहेत. शुगर बघा. इंजेक्शन काढा.” कोकिळेनं ते अगोदरच काढून ठेवलं होतं. धुरपताबाईंना बाहेरच्या बाकावर बसवलं. अर्ध्या तासानं पाय निपचित झाला, ओठ मिटले. कोकिळेनं तक्त्यावर वेळ लिहिली आणि पुढच्या बाळाचं दूध मोजायला घेतलं.

वॉर्डात तिला माघारी ‘थंड सिस्टर’ म्हणत. नवीन मुली पहिलं बाळ गेलं की भांडारात जाऊन रडायच्या; कोकिळा त्यांना पाणी आणून द्यायची आणि ड्युटी तशीच पुढं चालवायची. तिला हे नाव ठाऊक होतं. तिनं त्याचा कधी राग धरला नाही, कारण त्यात खोटं काही नव्हतं.

धुरपताबाई गंगाखेडकडच्या. मुलगा परमेश्वर टोळीबरोबर ऊसतोडीला गेलेला. सून राजेश्रीला नववा लागलेला, म्हणून तिला सासूपाशी ठेवलेलं. बाळंतपण अडलं, सिझर झालं, आणि मुलगी बराच वेळ रडलीच नाही म्हणून तिला इथं काचेच्या दाराआड आणलं. राजेश्री अजून खालच्या वॉर्डात टाके सांभाळत पडलेली. म्हणून आजी गाऊन घालून आत यायची आणि बाळापाशी तासतासभर उभी राहायची.

दहा दिवसांत बाळ सावरलं. झटके थांबले, आईचं दूध ओढायला लागलं. घरी न्यायच्या दिवशी डॉक्टर सिद्धोधनांनी धुरपताबाईंना समोर बसवून सगळं समजावलं. हे औषध सकाळ-संध्याकाळ, स्वतःच्या मनानं बंद करायचं नाही, परत झटका आला तर लगेच घेऊन यायचं. धुरपताबाई प्रत्येक वाक्याला मान हलवत होत्या. इतक्या वर्षांच्या नोकरीत कोकिळेला एवढं कळलं होतं, की प्रत्येक वाक्याला मान हलवणारा माणूस काहीच ऐकत नसतो.

डॉक्टर गेल्यावर ती औषधाची बाटली घेऊन बाकावर जाऊन बसली.

“मावशी, घरी गेल्यावर देणार न्हवं औषध?”

धुरपताबाई बाटलीकडं बघत राहिल्या. मग आवाज उतरवून म्हणाल्या, “खरं सांगू का बाई? ह्या आवशिदानं पोरगी गपगार झाली. आधी कशी हसायची, पाय मारायची. आता नुसती झोपती. तुमी सटवाईला हुसकून लावलं बगा. घरी नेली का चार दिस बंद करून बगणार हाय म्या. हसली पाह्यजे पोरगी.”

“ते हसणं नव्हतं. झटके होते ते.”

“झटके काय म्या बघितले न्हाईत? आमच्या भावकीतल्या रंगनाथला येतेत की. धाडकन पडतो, दात खातो, तोंडाला फेस. हिचं कुठं तसं होतं?”

बाईंचं म्हणणं चुकीचं कसं म्हणावं? दिसलं तेच त्या सांगत होत्या. कोकिळेलाही एकेकाळी तेच दिसलं होतं.

तिचं लग्न चारठाण्याला झालं तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. पहिली मुलगी घरीच झाली, सुईणीच्या हातानं. तिसऱ्या दिवशी पोर ओठ चाळवायला लागली, एका बाजूनं हसायला लागली, पाय मारायला लागली. सासूनं दार लोटून घेतलं आणि सगळ्यांना गप्प केलं. सहाव्या दिवशी पोर गेली. दोन वर्षांनी कोकिळा नर्सिंगला लागली. लोक म्हणायचे, मुलीच्या दुःखानं गेली. तसं काही नव्हतं. मामांनी फॉर्म आणून दिला होता आणि घरात बसून ती कंटाळली होती.

कळलं ते फार उशिरा, बारा-तेरा वर्षांपूर्वी, एका प्रशिक्षणात. अंधार केलेल्या हॉलमध्ये पडद्यावर एक बाळ दाखवलं. ते ओठ चाळवत होतं आणि सायकल मारत होतं. “हे काय करतंय सांगा बरं?” मॅडमनी विचारलं. मागून कोणीतरी म्हणालं, “हसतंय!” सगळ्या हसल्या. मग मॅडमनी सांगितलं, की बऱ्याच नवजात बाळांचे झटके असेच दिसतात. त्यानंतर जेवणाची सुट्टी झाली. कोकिळेला वाटलं आता आपल्याला रडू येईल. पण पुऱ्या गरम होत्या आणि तिनं चार खाल्ल्या. त्या दिवसापासून तिच्या आत काहीतरी बधिर झालं ते झालंच. नवऱ्याला तिनं सांगितलं नाही. पुढं सासू वारली, तिलाही नाही. सांगून कोणाचं काय भलं होणार होतं?

पण आता समोरची बाई औषध बंद करायला निघाली होती.

“मावशी,” ती म्हणाली, “माझी पोरगीबी हसली होती.”

धुरपताबाईंनी मान वर केली.

“तिसऱ्या दिवसापून. हिच्यासारखंच. ओठ असेच, पाय असाच. आमच्या सासूबाईनं दार लोटलं. म्या तिचा पाय मुठीत धरला तर ती ओढायली, थांबंच ना. मला वाटलं, केवढी ताकद हाय पोरीत! म्या हसले, मावशी. मोठ्यानं हसले. सासूबाई म्हणल्या, हळू, सटवाई जाईल.”

“मग?”

“मग गेली. पोरगीच गेली.”

कॉरिडॉरमधून झाडूवाली बादली ओढत निघाली होती. तिला वाट द्यायला दोघींनी पाय बाकाखाली घेतले.

“म्हंजी म्या,” धुरपताबाई म्हणाल्या, “म्या दिसभर नुसती बघत बसले का?”

कोकिळेला ‘नाही’ म्हणता आलं असतं. रोज कोणाला ना कोणाला ती तसं म्हणायचीच. ती म्हणाली, “मीबी बसले होते. तीन दिवस.”

धुरपताबाई पदराची किनार चाचपत राहिल्या. रडल्या नाहीत. मग त्यांनी हात पुढं करून बाटली घेतली, पदरात गुंडाळली आणि म्हणाल्या, “मला दाखवा कसं वळखायचं त्ये.”

राजेश्रीच्या मांडीवर बाळ होतं. कोकिळेनं धुरपताबाईंचा राकट हात धरून बाळाच्या पायावर ठेवला. “असा धरायचा. दाबायचा न्हाई. धरल्यावर थांबला तर भ्यायचं काम न्हाई. थांबलाच न्हाई, तर सटवाई म्हनायचं न्हाई, काही म्हनायचं न्हाई. गाडी करायची आन् निघायचं.” वॉर्डाचा फोन नंबर तिनं राजेश्रीच्या मोबाइलमध्ये स्वतः घालून दिला. मग रजिस्टरमध्ये ‘राजेश्रीचं बाळ’ या नावापुढं घरी सोडल्याची तारीख लिहिली.

त्यानंतर आठवड्यानं, सकाळी अकराच्या सुमाराला, वॉर्डातला फोन वाजला. कोकिळेनंच उचलला.

“बाई, धुरपता बोलायलीय. गंगाखेडची.” आवाजाला धाप लागली होती. “पोरगी तोंड हालवायलीय. पायबी मारायलीय.”

“औषध?”

“सकाळी दिलंय.”

“पाय धरला का?”

“न्हाई. तुमी फोनवर ऱ्हावा. आता धरते.”

फोन कुठंतरी ठेवल्याचा आवाज आला. पलीकडं राजेश्री काहीतरी विचारत होती, एक शेळी ओरडत होती. कोकिळा उभीच राहिली. तिनं डोळे मिटले नाहीत, देवाचं नाव घेतलं नाही. समोरच्या भिंतीवर हात कसे धुवावेत याची सहा चित्रं होती, ती तिनं पहिल्यापासून शेवटपर्यंत बघितली.

“बाई!” आवाज परत आला. “थांबला! धरल्याबरुबर थांबला. सोडला तरी थांबलाय. आता माझ्याकडंच बघायलीय टुकूटुकू.”

“थांबला?”

“थांबला की. कसा गप हाय बगा हातात.”

“मग भूक लागली असंल,” कोकिळा म्हणाली. “पाजायला सांगा राजेश्रीला. आन् तारखेला आणा दाखवायला.”

तिनं फोन ठेवला. आतून मशीनचा आवाज आला, तशी ती हात धुवायला बेसिनपाशी गेली. कोपरानं नळ सुरू केला आणि पाण्याखाली हात धरले. उजव्या हाताची मूठ मिटलेली होती, एवढासा पाय मावेल इतकी जागा आत ठेवून. ती उघडायला तिला थोडा वेळ लागला.