गॅस कोणी बंद केला

मेट्रनबाईंच्या वर्गात कोणी कोणाला नावाने हाक मारायची नाही, असा दंडक होता. जिला जे काम हवं, तेच तिचं नाव. टॅक्सी चालवायची होती ती ड्रायव्हर, मोठ्या स्वयंपाकघरात शिरायचं होतं ती कूक, दुकानात गल्ल्यावर बसायचं होतं ती कॅशियर. बाईंची सगळी नोकरी इस्पितळाच्या अपघात विभागात गेली होती. निवृत्तीनंतर घरात जीव रमेना, म्हणून एका बंद पडलेल्या दुकानात त्यांनी नोकरी शोधणाऱ्या बायकांना जमवलं. रोज चारचौघींनी तुला ड्रायव्हर म्हटलं, की मुलाखतीत तेच सांगताना जीभ चाचरत नाही, असं त्यांचं साधं गणित होतं.

शेवटच्या खुर्चीवरची ती एकटीच बिननावाची राहिली. तुला काय येतं, असं विचारलं की ती स्वतःच्या चपलांकडे बघत म्हणायची, "काहीच नाही." शेवटी ड्रायव्हरनेच कंटाळून तिचं नाव पाडलं: कोरी. सगळ्या हसल्या, तीही हसली. हसताना ओठावर हात धरायची तिला सवय होती, कारण ओठ बहुतेक वेळा कुठेतरी फुटलेला असायचा.

नोकरी तिला कुठलीही चालणार होती, फक्त राहायला खोली देणारी हवी होती. नवरा टायरच्या दुकानात कामाला. चाकं उतरवून आणि चढवून मनगटं लोखंडासारखी झालेली, आणि ती मनगटं इतकी वर्षं फक्त हिच्यावर चालत होती. मग एके दिवशी पाण्याची बाटली सांडली म्हणून त्याने पोरीला दंडाला धरून भिंतीवर आदळलं. स्वतःला पडलेला मार कोरीने आजवर कसाबसा गिळला होता. हे मात्र घशाखाली उतरेना. पोरीला घेऊन निघायचं तर डोक्यावर छप्पर हवं, आणि पदरी नोकरी नसलेल्या बाईला छप्पर कोण देतो?

अशात बाईंनी गृहपाठ दिला. "घरी जा आणि घरच्यांना विचारा, माझ्यात चांगलं काय आहे? आपलं आपल्याला दिसत नाही, जवळच्यांना दिसतं." हेतू सोन्यासारखा होता, यात वादच नाही. पण जिन्यावरून पडले, दारावर आपटले, असं सांगणाऱ्या बायकांना जन्मभर टाके घालून झाल्यावरही या बाईंना हे सुचू नये? त्या स्वतः एकट्या राहत. घरात एक मांजर होतं, आणि मांजर काही कोणाला लाथा घालत नाही.

कोरी आज्ञाधारक होती. तिने विचारलं.

नवरा जेवत होता, कोरी गॅसवर पोळ्या भाजत होती. पोरगी कोपऱ्यात चित्र काढत होती. "अहो," ती म्हणाली, "एक विचारू? तुमच्या मते माझ्यात चांगलं असं काय आहे?"

त्याचं चावणं थांबलं. "हे कोणी शिकवलं तुला?"

"कोणी नाही. सहज."

"सहज." त्याने ताट हलकेच बाजूला सरकवलं. "थांब, सांगतो."

पहिला फटका कानावर बसला आणि त्या बाजूचं सगळं जग बंद झालं. मग त्याने तिचे केस मुठीत धरले आणि डोकं कपाटाच्या कडेवर आपटलं, एकदा आपटून आवाज मनासारखा आला नाही म्हणून पुन्हा आपटलं. ती खाली पडली तेव्हा त्याने पायाचं काम सुरू केलं. तो ओरडत नव्हता. ओरडणारा माणूस दमतो तरी, हा गप्प राहून मारायचा, टायरमध्ये हवा भरावी तसा, एका लयीत. बरगडीत काहीतरी कटकन वाजलं. दमल्यावर तो नळावर गेला, हात धुतले आणि पुसत पुसत दारात उभा राहिला.

"ऐक तुझ्यातलं चांगलं," तो म्हणाला. "मार खाण्यात तुझा हात कोणी धरणार नाही."

दुसऱ्या दिवशी वर्गात उत्तरांचा पाऊस पडला होता. कूकच्या मुलाने म्हटलं होतं, आईचं मीठ कधी चुकत नाही. ड्रायव्हरच्या बहिणीने म्हटलं होतं, तू रस्ता विसरत नाहीस आणि माणूसही विसरत नाहीस. हशा, टाळ्या चालल्या होत्या. मग कोरी उठली. एक डोळा मिटलेला, श्वास अर्धवट. तिने नवऱ्याचं उत्तर शब्दाला शब्द सांगितलं, कारण गृहपाठ तसाच सांगायचा होता.

ड्रायव्हर बाह्या सरसावत उठली. "पत्ता सांग. गाडीखाली घालते हरामखोराला."

"बस खाली," बाई म्हणाल्या. त्या कोरीपाशी आल्या, बरगडीवर अलगद बोटं ठेवली. "चुकलं माझं. मी तुला त्याच्या तोंडी दिलं." मग जुन्या सवयीने, अपघात विभागात विचारायच्या तसं, विचारलं, "कसं झालं? क्रमाने सांग."

कोरीने क्रमाने सांगितलं. त्याचं चावणं थांबलं तेव्हाच कळलं. तसा तो जिना चढतानाच थोडा अंदाज आला होता. बूट आपटत आला तर फक्त शिव्या, एक पाय ओढत आला तर दारू, आणि पावलांचा आवाजच आला नाही तर सगळ्यात वाईट. काल एक पाय ओढत आला होता. ताट सरकवलं तेव्हा तिने मागच्या हाताने गॅस बंद केला, कारण मागे एकदा त्याने तापलेला तवा फेकला होता. सुरी डब्यामागे लोटली. पोरीला पायाने खूण केली, ती कॉटखाली गेली. मग पाठ भिंतीला लावली आणि डोकं हातांत घेतलं.

"आणि हे सगळं किती वेळात?"

"वेळ कुठला, बाई? तो उठेपर्यंत."

बाईंनी बरगडीवरची बोटं उचलली. मग म्हणाल्या, "अगं, मदतीच्या फोनवर असंच माणूस लागतं. कंट्रोल रूममध्ये जागा निघाल्यात. मागच्या आवारात राहायला खोल्या आहेत, फाटकावर पहारा असतो. समोरचं दिसत नाही, फक्त ऐकू येतं, आणि तेवढ्यावर ठरवायचं असतं. तुझ्यात ते आहे."

कोरी आयुष्यात पहिल्यांदा कोणावर तरी ओरडली. "मग काय त्याचे आभार मानू? त्याने मारलं म्हणून मला हे येतं, असंच ना? पाया पडू त्याच्या?"

शब्द भिंतींवर आदळून परत आले. बाईंनी तिची नजर चुकवली नाही.

"त्याने तुला फक्त मार दिला," त्या म्हणाल्या. "गॅस तू बंद केलास."

कोरी खाली बसली आणि हमसून हमसून रडली. फुटलेल्या बरगडीने रडणं म्हणजे काय, ते ज्याचं त्याला ठाऊक.

अर्ज बाईंच्या पत्त्यावरून गेला, बोलावणं तिथेच आलं. ठरलं असं की मुलाखतीच्या दिवशी नवरा कामाला गेला की ड्रायव्हर शिकवणीची टॅक्सी घेऊन गल्लीच्या तोंडाशी थांबेल आणि कोरीने पोरीसह निघायचं ते कायमचं. त्या सकाळी तो वेळेवर बाहेर पडला. कोरीने पोरीचे केस विंचरले, दोन कपडे पिशवीत कोंबले आणि चहाला पाणी चढवलं. पोटात काही गेलं नाही तर पाय थरथरतील, एवढाच विचार होता. पाण्याला खळखळून उकळी फुटली.

जिन्यावर काहीच वाजलं नाही. पण खालच्या कुत्र्याचं भुंकणं मध्येच थांबलं. "कॉटखाली," कोरी म्हणाली. पोरगी आधीच तिथे होती.

दार उघडलं. बूट जिन्याखाली काढून तो अनवाणी वर आला होता. त्याने पिशवी पाहिली, तिच्या पायातल्या चपला पाहिल्या आणि हसला. "कुठे निघालीस, चांगल्या गुणांची?"

तो तिच्यावर झेपावला. गळा एका हातात आला, तिचं डोकं मागच्या भिंतीवर आपटलं, डोळ्यांपुढे काजवे चमकले. दुसऱ्या हाताने तो तिचं बोट उलटं वाकवत होता, हळूहळू, कुठपर्यंत वाकतं ते बघत. बोट मोडलं. आवाज बाहेर पडायला गळ्यात जागाच नव्हती. तिचा मोकळा हात सवयीने गॅसच्या बटणाकडे गेला आणि तिथेच थांबला.

त्या दिवशी तिने गॅस बंद केला नाही. पातेल्याचा काठ धरला, तळहात चरचरला तरी सोडला नाही, आणि उकळतं पाणी त्याच्या अनवाणी पायांवर ओतलं.

एवढ्या वर्षांत तो पहिल्यांदा ओरडला. गळा सुटला. तो खाली कोसळला, पाय धरून लोळायला लागला, तरी एक हात लांबवून त्याने तिचा घोटा पकडलाच. तिने रिकामं पातेलं त्या मनगटावर हाणलं. पकड सुटेना तेव्हा पुन्हा हाणलं, आणि खरं सांगायचं तर सुटल्यावरही एकदा हाणलं. मग पोरीला ओढून काढलं, पिशवी उचलली, दाराबाहेर पडून कडी घातली आणि परत आत येऊन गॅस बंद केला. हो, परत आत. कडी काढून, त्याच्या अंगावरून ओलांडून. कारण वरच्या मजल्यावर एक म्हातारी राहत होती.

कंट्रोल रूमच्या साहेबांनी तिच्या गळ्यावरचे वळ पाहिले, रुमालात गुंडाळलेला हात पाहिला. "आज नको, उद्या घेऊ का?"

"आजच घ्या," ती म्हणाली. "उद्याला मला घर नाही."

त्यांनी तिच्या कानांवर हेडफोन चढवले. जुन्या फोनचं रेकॉर्डिंग होतं. एका बाईचा आवाज: "सॉरी, चुकून लागला. नाही, काही नाही. सॉरी हं." फोन बंद.

"काय कराल?" साहेबांनी विचारलं. "आज आलेल्या सगळ्यांनी सांगितलं, चुकून लागलेला फोन, सोडून द्यायचा."

"चुकून नाही लागला," कोरी म्हणाली. "तिचा श्वास अर्धवट येतोय, बरगडी गेलीय. सॉरी ती दोनदा म्हणाली, दुसरं तुम्हाला नव्हतं. तो समोर उभा आहे आणि गप्प आहे. मी तिला बोलायला लावणार नाही. ती फोन ठेवायच्या आत हो-नाहीचं विचारीन. दार बंद आहे का? मूल आहे का? तेवढं ती चुकून लागलेल्या फोनवरही म्हणू शकते. आणि गाडी आधी पाठवीन, विचारीन नंतर." तिने हेडफोन काढले. "काय झालं तिचं?"

साहेबांनी टेबलावरचा कागद उगाच सरळ केला. "आम्ही गाडी पाठवली नव्हती," ते म्हणाले.

खोली मिळाली. बोट वाकडंच सांधलं गेलं. नवऱ्याविरुद्ध तक्रार नोंदवताना मेट्रनबाई शेजारी खुर्ची टाकून बसल्या. वर्गात तिचं नाव आता कंट्रोल. नव्या बायका येतात तेव्हा बाई तिला बोलावतात, आणि कोरी उभी राहून गॅसची गोष्ट सांगते. टाळ्या पडतात. घरी जाऊन विचारा हा गृहपाठ बाईंनी कायमचा बंद केला. आता कोणात काय चांगलं आहे ते वर्गातल्या बायकाच एकमेकींना सांगतात.

एका संध्याकाळी ती नव्या खोलीत भाजी परतत होती. पोरगी जमिनीवर चित्र काढत होती. जिन्यावर कोणीतरी आलं, पण पावलं वाजली नाहीत. कोरीला लगेच कळलं, शेजारचे अँब्युलन्सवाले काका. रात्रपाळीची माणसं झोपलेली असतात म्हणून बूट हातात घेऊन चढतात.

पोरगी उठली. चवड्यांवर उंच होऊन तिने गॅस बंद केला, सुरी डब्यामागे लोटली आणि कॉटखाली शिरली. कुठे धडपड नाही, क्रम चुकला नाही. कोरीपेक्षा सफाईदार.

याच गोष्टीला कोरी टाळ्या घेत होती. ती कॉटशेजारी जमिनीवर आडवी झाली. अंधारात दोन डोळे होते.

"आई," पोरगी कुजबुजली, "मी बरोबर केलं ना?"

मग तिने फोनवर विचारायची तसं विचारलं, "दार बंद आहे का?"

"हो."

"आई खोलीत आहे का?"

"हो."

"ते शेजारचे काका आहेत. बाहेर येतेस?"

"नाही."

कोरी सरपटत आत शिरली आणि तिच्याशेजारी पडून राहिली. काकांचं दार उघडलं, लागलं. नळ वाजला.

"आता?" तिने विचारलं.

"अजून नाही," पोरगी म्हणाली.

"बरं," कोरी म्हणाली. भाजी चुलीवर अर्धीकच्ची गार होत होती, आणि तिने पोरीला घाई केली नाही.