बॉनेटवरचं कुंकू

मित्रांनो, भाईंदर पूर्वेला इंद्रलोकमधल्या एका फ्लॅटमध्ये काचेचं एक कपाट आहे. त्यात लहान लहान गाड्या मांडून ठेवल्या आहेत. परवापरवापर्यंत त्या कपाटाच्या सर्वांत खालच्या फळीवर, डावीकडून तिसरा, जरा मागे सरकवलेला जो दिसायचा, तो मी. मी एक जुना ट्रक आहे. रस्त्यावरचा नव्हे, तुमच्या तळहातावर मावेल एवढा. तोंड नारिंगी, मागचा हौदा हिरवा, एक आरसा तुटलेला. आणि स्वभाव जळका. हे आधीच कबूल केलेलं बरं, कारण पुढे जे झालं त्याला माझा हा स्वभावही कारण आहे, असं मला वाटत राहतं.

ठाण्याकडच्या एका छोट्या कारखान्यात माझा जन्म झाला. वितळलेल्या जस्ताचा रस साच्यात ओतला, तो गार झाला, साचा उघडला आणि मी बाहेर पडलो. एका बाईने कानशीने माझ्या कडा घासल्या, दुसरीने रंग मारला, तिसरीने चाकं बसवली. पुढचं डावं चाक तिच्या हातून जरा घट्ट बसलं. म्हणून मी अजूनही चालताना डावीकडे ओढतो.

मला घरी आणलं कमळाकरांनी. ते आगरी घरातले. भाईंदरच्या मिठागरातून मीठ भरून नेणारा ट्रक ते चालवायचे आणि त्यांचा तो ट्रकही नारिंगी आणि हिरवाच होता. दुकानाच्या काचेतून त्यांनी मला पाहिलं आणि स्वतःशीच हसले. घरी येऊन त्यांनी मला आपल्या पाच वर्षांच्या मुलाच्या, प्रणितच्या हातात दिलं.

काय दिवस होते ते! घरात खेळण्यातली दुसरी गाडी नव्हती. प्रणित स्वयंपाकघरातून मूठभर मीठ आणायचा, माझ्या हौद्यात भरायचा आणि तोंडाने घरघर आवाज करत मला ओट्यावरून अंगणात न्यायचा. त्या मिठाने माझा हिरवा रंग खाल्ला, पण मला त्याचं काही वाटलं नाही. माझ्यावर प्रेम करायला एक मुलगा होता आणि त्याच्या प्रेमात वाटेकरी नव्हता.

दसऱ्याला तर माझा थाट असायचा. कमळाकर मोठा ट्रक धुऊन काढायचे, झेंडूची माळ घालायचे, बॉनेटवर हळदकुंकू लावायचे. मग मला त्या बॉनेटवर उभं करून त्याच बोटाने मलाही कुंकू लावायचे. झेंडूचं एकच फूल दोऱ्यात ओवून माझ्या गळ्यात घालायचे. एवढ्या धुडाबरोबर माझीही पूजा होते, या आनंदात मी वर्षभर फुगलेला असे.

पुढे प्रणित मोठा झाला. काशीमीऱ्याच्या एका गोदामात माल उतरवून घेण्याचं काम करू लागला. दिवसभर खऱ्या ट्रकांच्या धुरात उभं राहायचं आणि संध्याकाळी छोट्या गाड्यांची चित्रं बघत बसायचं, असा त्याला नाद लागला. पहिली एक गाडी आली, मग दुसरी. इंद्रलोकला राहायला आल्यावर काचेचं कपाट आलं, त्यात बारीक दिवे आले. तेव्हा मी सर्वांत वरच्या फळीवर होतो. पाहुणे आले की प्रणित आधी माझ्याकडे बोट दाखवायचा आणि सुरुवात इथून झाली, असं सांगायचा.

पण पाहुणे दुसऱ्या गाड्यांकडे वळायचे, आणि हळूहळू प्रणितही वळला. मी वरून मधल्या फळीवर आलो, मधून खाली. काही गाड्या तर खोक्यातून कधी बाहेरही निघाल्या नाहीत. खोकं उघडलं की गाडीचा मान जातो, असा या छंदातल्या लोकांचा नियम आहे म्हणे. ज्यांना कधी जमीन माहीत नाही, चिमूटभर मीठ माहीत नाही, त्यांचा मान मोठा. त्यांना मऊ कुंचल्याने झटकायचं आणि मला जुन्या बनियनच्या तुकड्याने. माझा किती तिळपापड व्हायचा म्हणून सांगू.

त्यात ती आली. पांढरीशुभ्र, लांबोडी, जुन्या काळातल्या मोटारीची हुबेहूब प्रतिकृती. तिचे दरवाजे उघडत होते. तिच्या आत नखाएवढं स्टिअरिंग होतं. तिचा रंग चकचकीत नव्हता, मुद्दाम मंद ठेवलेला, आणि प्रणितच्या मते तीच तिची खरी शान होती. तिला हात लावताना तो हातमोजे घालायचा. वरच्या फळीवर, जिथे मी असायचो नेमक्या तिथेच, तिच्यासाठी फिरती चकती बसवली. ती दिवसभर गोल गोल फिरायची आणि दर फेरीला मला तिचा तोरा दिसायचा. मी तिला मनातल्या मनात महाराणी म्हणू लागलो. चांगल्या अर्थाने नव्हे.

आता एक गोष्ट सांगतो, जी प्रणितला ठाऊक नव्हती. आठ वर्षांपूर्वी कमळाकर अंथरुणाला खिळले होते. मोठा ट्रक केव्हाच विकला गेला होता. दसऱ्याच्या दिवशी प्रणित कामावर गेला असताना त्यांनी बायकोला, हौसाबाईंना, मला कपाटातून काढायला सांगितलं. घरात त्यांची स्वतःची म्हणावी अशी गाडी एवढीच उरली होती. हौसाबाईंनी हळद भिजवली. कमळाकरांनी माझ्या बॉनेटवर आधी हळद आणि मग कुंकू लावलं. हात थरथरत होता म्हणून त्यांनी अंगठा बराच वेळ टेकवून धरला. अंगठा उचलला तेव्हा त्याच्या बारीक रेघा त्या कुंकवात उमटल्या होत्या. दिवाळीच्या आत ते गेले.

तेव्हापासून हौसाबाई दर दसऱ्याला मला कुंकू लावतात, पण हौद्याला. बॉनेटला त्या बोट लावत नाहीत.

मीही आधी तो ठसा जपत होतो. पण मत्सराने माझं मन फिरलं. एकदा प्रणितचा मित्र धर्मेश, तोही गाड्या जमवणारा, कपाटापुढे वाकला आणि मला बघून म्हणाला, "प्रणितभाई, ये ट्रक का पेंट ओरिजिनल है. सिर्फ ये दाग निकालो, फिर ये ऊपर रखने लायक पीस है."

ऊपर! एवढा एकच शब्द माझ्या डोक्यात बसला. कमळाकरांचा अंगठा मला डाग वाटू लागला. हा एकदा निघाला की मी वर आणि महाराणी खाली, अशी स्वप्नं मी पाहू लागलो.

यंदा दसऱ्यानंतरच्या रविवारी शांती नगरच्या एका हॉलमध्ये अशा गाड्यांचं प्रदर्शन होतं. प्रणित महाराणीला नेणार होता. दसऱ्याच्या सकाळी फोटो काढायला त्याने तिला टेबलावर काढून ठेवलं आणि खाली मोटरसायकल धुवायला गेला. इकडे हौसाबाई ताट घेऊन आल्या. आधी माझी पूजा झाली. मग त्यांचं लक्ष टेबलाकडे गेलं. मुलाने एवढी जपलेली गाडी दसऱ्याला बाहेर काढून ठेवली म्हणजे पूजेसाठीच ठेवली असणार, असं त्यांना वाटलं. त्यांनी ओल्या हळदीचं बोट महाराणीच्या बॉनेटवर टेकवलं, वर कुंकू लावलं आणि समोर फूल ठेवलं.

माझ्या अंगाची आग झाली. सगळं तर तिने घेतलंच होतं, आता माझा दसराही घेतला.

प्रणित वर आला आणि दारातच थबकला. ओल्या फडक्याने टिपायला गेला, तर हळद आणखी पसरली. तो मंद रंग हळद पिऊन बसला होता. पांढऱ्या बॉनेटवर पिवळा पट्टा उमटला. आई, हे काय केलंस, एवढंच तो म्हणाला. हौसाबाईंना त्याचा राग कळेना.

"गारी हाय ना ती? दसऱ्याला बिनकुंकवाची कशी ठेवू?" असं म्हणून त्या आत गेल्या.

आणि मी? मला आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. महाराणीची शान गेली होती आणि ती जाताना मी पाहिली होती.

प्रणितने थिनरची बाटली काढली. थिनरने हळद निघते की रंगच निघतो, याची त्याला खात्री नव्हती. म्हणून आधी दुसऱ्या कशावर तरी करून बघायचं त्याने ठरवलं. तशीच रंगात मुरलेली हळद, तसंच कुंकू कुठे होतं? माझ्या बॉनेटवर. त्याने मला उचललं. कित्येक वर्षांनी मी त्याच्या हातात होतो, आणि यावेळी बनियनचा तुकडा नव्हता, नवा कोरा कापूस होता. मला वाटलं, आला माझा दिवस. मित्रांनो, मला बोलता येत नाही हे खरं, पण त्या क्षणी येत असतं तरी मी गप्पच बसलो असतो. याची मला आज फार लाज वाटते.

कापूस दोनदा फिरला. हळद गेली, कुंकू गेलं आणि खालचा नारिंगी रंगही गेला. तेवढ्यात हौसाबाई बाहेर आल्या.

"काय पुसतंस रं?"

"डाग काढतोय, आई. आधी जुन्यावर ट्रायल घेतोय."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग कापसाकडे पाहिलं.

"तो डाग नव्हता रं," त्या म्हणाल्या. "तुज्या बापाचा अंगठा व्हता."

त्या खुर्चीवर बसल्या आणि त्यांनी ती सगळी हकीकत सांगितली. प्रणित मला हातात धरून ऐकत होता. त्याचा अंगठा माझ्या बॉनेटवर होता आणि तो हलत नव्हता. सांगून झाल्यावर हौसाबाईंनी हात पुढे केला आणि तो लाल कापूस मागून घेतला. देव्हाऱ्यातल्या कुंकवाच्या करंड्यात त्यांनी तो ठेवला. अजून तो तिथेच आहे.

प्रणितने बाटलीला झाकण लावलं. महाराणीला त्याने पुन्हा हात लावला नाही. रविवारी तो तिला तशीच, पिवळ्या बॉनेटची, प्रदर्शनाला घेऊन गेला आणि शेजारी मला ठेवलं. धर्मेशने डोक्याला हात लावला. ये क्या हुआ, म्हणून विचारू लागला.

"आई ने पूजा किया है," प्रणित म्हणाला. "रहने दे."

बक्षीस अर्थातच दुसऱ्या कुणाला मिळालं. घरी आल्यावर प्रणितने मला वरच्या फळीवर ठेवलं, महाराणीच्या बाजूला. जी जागा मिळावी म्हणून मी इतकी वर्षं जळत होतो, ती मिळाली. माझ्या बॉनेटवर जिथे कमळाकरांचा अंगठा होता, तिथे आता उघडा धातू आहे आणि दिवे लागले की तो चकाकतो. मला चकाकायचीच तर हौस होती.

म्हणून सांगतो मित्रांनो, घरातली जुनी वस्तू घासायला, रंगवायला घ्याल तेव्हा आधी मोठ्या माणसांना विचारा. त्यावरचा डाग कुणाचा आहे, ते त्यांना माहीत असतं. आम्हाला माहीत असलं तरी आम्ही सांगू शकत नाही, आणि माझ्यासारखा एखादा सांगणारही नाही.

हौसाबाई आता थकल्या आहेत. दुपारी कपाटासमोर बसून त्या आम्हा दोघांकडे बघतात. महाराणीच्या बॉनेटवरची हळद आता कुणी काढणार नाही. हौसाबाईंचं बोट तिच्या अंगावर कायमचं राहिलं आहे. मी तिच्याकडे बघतो आणि मला अजूनही तिचा हेवा वाटतो.