शिक्क्याशिवायची सही

सौदीत शिक्का नसलेल्या कागदात फार तर भजी बांधता येतात. हे मी एकोणीस वर्षांच्या अनुभवाने सांगतो. खमीस मुशैतच्या एका खाजगी हॉस्पिटलात मी सरकारी कागदपत्रं सांभाळायचो. कुणाचा इकामा म्हणजे राहण्याचा परवाना, कुणाचा व्हिसा, कुणाची सुट्टी. हॉस्पिटलचा गोल जांभळा शिक्का कायम माझ्या खिशात. पासपोर्ट कचेरीच्या खिडकीवर मला, रहमतुल्लाला, कुणी विचारत नसे, शिक्क्याला मात्र सलाम मिळायचा.

मग निताकत आलं. कुठल्या खुर्चीवर सौदी माणूसच हवा त्याची यादी निघाली आणि माझी खुर्ची त्यात अगदी वर. माझ्या जागी मुशब्बब नावाचा, शेजारच्या अबहा शहराचा गृहस्थ आला. रोज घरचे खजूर घेऊन यायचा, त्यामुळे त्याच्यावर धड चिडताही येईना. बुधवारी शिक्का त्याच्या हवाली करायचा आणि पुढच्या आठवड्यात मी दापोलीला, असं ठरलं.

सोमवारी डॉ. सुखदा मॅडम टेबलाशी आल्या. लहान मुलांच्या डॉक्टर, मूळच्या साताऱ्याच्या, पण पासपोर्ट अमेरिकेचा. विस्कॉन्सिन राज्यातल्या घराला कुलूप लावून दोन वर्षांच्या करारावर आल्या होत्या.

“रहमतभाई, माझ्या मतदानाला साक्षीदार व्हाल?”

“मॅडम, मी आपल्या गावातपण कधी मत दिलेलं नाही.”

खोटं नव्हतं. दर निवडणुकीला मी इकडे आणि बोटाची शाई दाखवायला फोनवर मासूमा, माझी बायको. यादीतून माझं नाव कधी गेलं तेही कळलं नाही.

“साक्षीदार अमेरिकेचा नसला तरी चालतो,” मॅडम म्हणाल्या. “मी खुणा करताना समोर बसायचं, बघायचं नाही. मग पाकिटावर सही आणि पत्ता.”

मतपत्रिका ईमेलने आली होती, छापून घेतलेली. एकाच कागदावर राष्ट्राध्यक्षापासून राज्याच्या आमदारापर्यंत, खाली जिल्ह्याचा खजिनदारसुद्धा.

“लोकसभा आणि जिल्हा परिषद एकदमच?” मी विचारलं.

“मी परत जाणार आहे ना, म्हणून राज्याचंही मत आहे. आणि मला तेच हवंय.” त्यांचा आवाज जरा खाली आला. “आमदारकीला माझी शेजारीण उभी आहे, लिंडा. माझे मिस्टर गेले त्या हिवाळ्यात रोज सकाळी माझ्या दारातला बर्फ तिने उपसला. मागच्या वेळी ती अकरा मतांनी पडली. मी कामाच्या गडबडीत मत द्यायलाच गेले नव्हते. आजही तिच्याकडे सरळ बघवत नाही.”

मी खिडकीकडे तोंड करून बसलो. मॅडमनी खुणा केल्या, कागद पाकिटात सरकवले, आणि तेवढ्यात वॉर्डातून बोलावणं आलं. “तुम्ही सही करून ठेवा, पाकीट मी येऊन चिकटवते,” म्हणत त्या धावल्या.

आता नुसत्या सहीवर कसं भागेल? गरीब बाईचं मत वाया जायला नको, म्हणून मी पाकिटावर शिक्का हाणला. मग आठवलं, आमच्या फायलीत प्रत्येक पानावर शिक्का लागतो. मतदान गुप्त असतं एवढी अक्कल मला होती, म्हणून कागद पालथे काढले आणि मान फिरवून पाठीवर धाडधाड शिक्के मारले. शाई ताजी होती. ती आरपार उतरली.

मॅडम आल्या, कागद पाहिले आणि मटकन बसल्या.

“रहमतभाई, हे काय केलंत! असल्या खुणा असलेलं मत बाद करतील ते.”

माझ्या तोंडचं पाणी पळालं. मतपत्रिका पुन्हा छापता येणार होती, पण मॅडमची ड्युटी बुधवारी सकाळी सुटणार आणि बुधवारचं कुरिअर दुपारी बाराला निघणार. ते चुकलं की पुढे हजच्या सुट्ट्या, मग पाकीट वेळेत पोचायची आशाच नको. दोन दिवस मला जेवण गोड लागलं नाही.

बुधवारी नऊ वाजता मी शिक्का मुशब्बबच्या हातात ठेवला. खिसा हलका झाला आणि मला, खरं सांगतो, रडू येत होतं. साडेअकराला मॅडम नवे कागद आणि नवं पाकीट घेऊन आल्या. खुणा केल्या, पाकीट स्वतः चिकटवलं आणि माझ्यापुढे ठेवलं.

“मॅडम, आजपासून माझ्या सहीला किंमत नाही,” मी म्हणालो. “मुशब्बबकडून घ्या.”

मुशब्बब तत्परतेने शिक्का उगारून उठला.

“ला, ला! नको!” मॅडमनी पाकिटावर दोन्ही हात ठेवले. “कुणीही शिक्का मारायचा नाही! रहमतभाई, हॉस्पिटलची सही मागितलीच नव्हती मी. तुमची मागितली होती.”

मी पेन उचललं. सही झाली. पत्त्यापाशी हात अडला. एकोणीस वर्षं हॉस्पिटलचा पोस्ट बॉक्स लिहीत आलो, तो आता माझा नव्हता.

“घरचा लिहा की,” मॅडम म्हणाल्या.

बाजार मोहल्ला, तालुका दापोली, जिल्हा रत्नागिरी. इतक्या वर्षांत हा पत्ता मी कुठल्याच कागदावर लिहिला नव्हता. अक्षर लहान मुलासारखं आलं.

“यल्ला!” म्हणत मुशब्बबने गाडीची चावी उचलली आणि बारा वाजायला दहा मिनिटं असताना आम्हाला कुरिअरच्या दारात उतरवलं.

नोव्हेंबरात मी घरी ओटीवर बसलो असताना मॅडमचा मेसेज आला. लिंडा परत पडली होती, या वेळी चार मतांनी. “पण माझं मत मोजलं गेलं,” त्यांनी लिहिलं होतं. “फोनवर तिला तसं सांगितलं. दोघी खूप रडलो आणि मग खूप हसलो.”

मी तो मेसेज मासूमाला दोनदा वाचून दाखवला.

“म्हंजे तुमच्या सहीवर अमेरिकेत मत चाललं?” ती म्हणाली. “मग हितं काय करताव बसून?”

दुसऱ्या दिवशी तिच्याबरोबर तहसील कचेरीत गेलो आणि मतदार यादीत नाव घालायचा अर्ज मागितला. पत्त्याच्या रकान्यापाशी हात अडला नाही.