टवक्याची बरणी

प्राणिशास्त्राच्या पदवीचं शेवटचं वर्ष संपत आलं, तरी खेकडीने प्रयोगशाळेतल्या एकाही प्राण्याचं तोंड धड पाहिलं नव्हतं. आणि तरीही स्पॉटिंगमध्ये तिचा हात धरणारं वर्गात कोणी नव्हतं. यात चमत्कार काही नाही. ती प्राणी ओळखत नसे, बरण्या ओळखत असे.

स्पॉटिंग ज्यांनी भोगलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. लांबलचक टेबलावर बरण्या मांडलेल्या असतात, प्रत्येकीवर नुसता आकडा. आत कुणीतरी मेलेलं. घंटा वाजली की एका बरणीपुढे उभं राहायचं, आत कोण आहे आणि कशावरून, ते लिहायचं. पुन्हा घंटा वाजली की पुढे सरकायचं. आता या कॉलेजातल्या बरण्या म्हणजे मुलांच्या आजोबांच्या वयाच्या. आतलं फॉर्मॅलिन इतकं पिवळं की त्यात जळू बुडवली काय आणि बुटाची नाडी बुडवली काय, बाहेरून सारखंच. बरण्यांना मात्र एकेक स्वभाव होता. एकीचं झाकण तिरकं बसायचं, एकीवर लाखेचा ओघळ होता, समुद्री काकडीच्या बरणीच्या काचेत तर चक्क बुडबुडा. हे ज्ञान कुठे लिहिलेलं नव्हतं. सीनियर ज्युनियरच्या कानात सांगायचा, आणि तो ज्युनियर सीनियर झाला की पुढच्याच्या. आयत्या बिळावर नागोबा होऊन कित्येक तुकड्या अशा पास होऊन गेल्या होत्या.

या विद्येतली सगळ्यात मौल्यवान खूण होती टवक्याची. गांडूळ, देवगांडूळ आणि वाळा हे तिघे बरणीत बसले की सख्खे भाऊ वाटतात. प्रत्यक्षात देवगांडूळ हा बेडकाच्या भावकीतला, आणि वाळा हा चांगला साप, बिनविषारी आणि करंगळीहून बारीक. भलेभले इथे आपटत. पण ज्या बरणीच्या कडेला टवका उडालेला आहे ती वाळ्याची, एवढं ठाऊक असलं की झालं. अंगठा हळूच कडेवरून फिरवायचा. टोचलं, की वाळा लिहून मोकळं व्हायचं.

खेकडीला हे नाव पडलं ते तिच्या बोलण्यावरून. सरळ प्रश्नाला सरळ उत्तर देणं तिच्या जिवावर यायचं. गाडी नेहमी तिरकी. यंदा तिने अख्ख्या वर्गाला बरण्या पाठ करून दिल्या होत्या. तिच्या शेजारी बसणारी गोगलगाय, म्हणजे सगळं कपाट दप्तरात घालून फिरणारी सावकाश मुलगी, तेवढी कुरकुरायची. "अगं, एकदा तरी पुस्तकातून वाचूया की," ती म्हणायची.

"मेलेल्यांचं काय वाचायचं? मला जिवंत आवडतात," खेकडी म्हणायची.

तेही खोटं नव्हतं. तिच्या घरच्या न्हाणीघरात पंख मोडलेली घार महिनाभर मुक्कामाला होती आणि बाबा तिची परवानगी घेऊन दाढी करत होते. जखमी प्राण्यांवर उपचार करणाऱ्या एका केंद्राने खेकडीला कामावर घ्यायचं कबूल केलं होतं. अट एकच: पदवी याच वर्षी हातात हवी. जागा एक, आणि मागे रांग मोठी. आईची अटही एकच होती. "पास झालीस तर जा तुझ्या घारी-घुबडांकडे, मी अडवायची नाही. नापास झालीस तर मावशीच्या पार्लरमध्ये. तिने तुझी खुर्ची पुसून ठेवलीय."

मावशी प्रेमळ होती. पण लोकांच्या भुवया कोरत आयुष्य काढण्यापेक्षा खेकडीला घारीची चोच परवडली असती.

परीक्षेच्या दिवशी दार उघडलं आणि वर्गाची पाचावर धारण बसली.

टेबल लखलखत होतं. सगळ्या बरण्या नव्या. सगळ्या सारख्या. झाकणं सरळ, काच निर्मळ, आतलं पाणी नळाच्या पाण्यासारखं स्वच्छ. अभ्यासाच्या सुट्टीत प्रयोगशाळेत नवा सहायक रुजू झाला होता, आणि त्या सज्जन माणसाला घाण बघवत नसे. जुन्या बरण्या भंगारात देऊन तो आता दारापाशी अभिमानाने उभा होता. मुलं आपल्याकडे अशी का बघताहेत, ते त्याला कळेना.

"खेकडे," गोगलगाय दातांतून म्हणाली, "तुला बघते मी नंतर."

घंटा वाजली. टेबलाभोवती सगळ्यांचे अंगठे बरण्यांच्या कडांवरून गोल गोल फिरू लागले. विभागप्रमुख बाईंनी हे पाहिलं आणि त्यांचा पारा चढला. "बरण्यांना मालिश करायला आलात का? हात खाली! डोळे वापरा!"

डोळे वापरायचे. खेकडीला हा उपाय नवा होता. पहिल्या बरणीपुढे तिने डोळे वापरून पाहिले, आणि आत एक तारामासा निघाला. तो तर शेंबड्या पोरालाही ओळखू आला असता. इतकी वर्षं तो तिच्यासाठी नुसता 'तिरकं झाकण' होता. दुसऱ्या बरणीतल्या समुद्रघोड्याच्या पोटाला चक्क पिशवी होती, आणि ती बाप्याची, हे तिला वर्गात डुलक्या काढताना कानावर पडलेलं आठवलं. काही जमलं, काही ठोकून दिलं. असं करत ती सातव्या बरणीपाशी आली आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. सात, आठ, नऊ. तिघे भाऊ ओळीने.

नऊवर रुंद पट्टा दिसला, तो गांडूळ. राहिले दोन. मावशीची खुर्ची डोळ्यांपुढे आली. खेकडीने टेबलावरचं भिंग उचललं आणि नाक जवळजवळ काचेला लावून सातव्या बरणीत पाहिलं.

आतून कुणीतरी तिच्याकडे पाहत होतं.

खसखशीएवढे दोन काळे ठिपके. डोळे! त्यांच्यावरून बारीक खवल्यांची चकचकीत ओळ थेट शेपटापर्यंत गेलेली, आणि शेपटाच्या टोकाला नखाएवढाही नाही असा काटा. आठव्या बरणीतल्याला असलं काही नव्हतं, नुसत्या कातडीच्या वळ्या होत्या. हा छोटा साप इथे डोळे उघडे ठेवून बसला होता, आणि तिने त्याला तीन वर्षांत एकदाही बघितलं नव्हतं. खेकडीला स्वतःची अगदी खरी लाज वाटली. घारीसाठी न्हाणीघर सोडणारी ही, आणि याच्या वाट्याला नुसता अंगठा. तिने सातवर वाळा लिहिलं आणि घंटा होईपर्यंत त्याच्याकडेच बघत राहिली.

नंतर तोंडी परीक्षा. बाई एका टेबलावर सांगाडे घेऊन बसल्या होत्या, दुसऱ्या टेबलावर बाहेरून आलेले परीक्षक. सरांचं नाव मोठं होतं. डासाच्या पायावरच्या केसांवरून ते डासाची जात सांगत. शिवाय ते याच कॉलेजचे विद्यार्थी, त्यामुळे बाई सकाळपासून त्यांना 'आपले सर' म्हणत होत्या. आत पाऊल टाकल्या टाकल्या सरांचा चेहरा मात्र जरा उतरला होता. बाईंना वाटलं, चहा गार होता.

खेकडी समोर बसली. सरांनी हात लांब करून सातवी बरणी ओढली. ती डाव्या हातात धरून उजवा अंगठा कडेवरून एकदा फिरवला. मग पुन्हा एकदा, सावकाश, गोल.

चोराची पावलं चोराला ठाऊक. खेकडीने त्या अंगठ्याकडे बघितलं, मग सरांकडे.

"हा कोण?" सरांनी विचारलं.

"वाळा, सर."

"चूक. देवगांडूळ." सर ठामपणे म्हणाले. "वाळा असता तर..." आणि ते थांबले.

खेकडीच्या जिभेवर उत्तर आलं. ते गिळावं की काय, असं तिला क्षणभर वाटलं. तिचं सगळं त्यांच्याच हातात होतं. एक फराटा मारला की पार्लर. पण मग बरणीतले ते दोन डोळे तिला दिसले.

"तर टवका असता," ती हळू आवाजात म्हणाली. "हो ना, सर?"

सरांचे कान लाल झाले. त्यांनी बाईंकडे पाहिलं. बाई एका मुलाला बेडकाच्या मांडीवरून झापत होत्या.

"तुला कोणी सांगितलं?" सर कुजबुजले.

"सीनियर्सनी."

"त्यांना?"

"त्यांच्या सीनियर्सनी. पार सुरुवात कोणी केली ते कोणालाच माहीत नाही."

सरांनी बरणी खाली ठेवली. "मी," ते अखेर म्हणाले. "टवका मी पाडला होता. होस्टेलच्या कुलपाने. मला हे तिघे कधी कळलेच नाहीत, गं. पुढे डास घेतले आणि म्हटलं, सुटलो."

खेकडीला हसू आवरेना. तिने ओढणीचा बोळा तोंडाशी धरला. मग भिंग सरांपुढे सरकवलं. "डोळे बघा, सर. काळे ठिपके. आणि शेपटाशी काटा आहे. देवगांडुळाला खवले असे वरून दिसत नाहीत, वळ्या असतात."

परीक्षकांनी चष्मा कपाळावर चढवला आणि नाक काचेला लावलं. "अरेच्चा," ते म्हणाले. मग आठवी बरणी ओढली. ती पाहिली, परत सातवी पाहिली. "अरेच्चा! हा तर बघतोय माझ्याकडे!"

"मलाही तसंच वाटलं, सर."

दोघं डोक्याला डोकं लावून बराच वेळ त्या सापाला बघत बसली. मागे रांगेत उभ्या गोगलगायीला वाटलं, ही नक्की नापास होतेय, आणि सगळा राग विसरून तिला रडू फुटलं.

शेवटी सरांनी गुण लिहिले. "हे वाळ्याचे आहेत," ते बोट रोखून म्हणाले. "गप्प बसण्याचे नव्हेत. गप्प बसायचं ते वेगळं."

"ते फुकट, सर."

परीक्षा आटोपल्यावर सर बाईंना म्हणाले की जुन्या प्रयोगशाळेत जरा एकटं बसावंसं वाटतं. बाईंचे डोळे भरून आले. सर बाहेर आले तेव्हा खुशीत दिसत होते. अंगठ्याला मात्र रुमाल गुंडाळला होता.

निकाल लागला. खेकडी पास झाली. वर्ग कसाबसा तरला; बरेचजण सात, आठ, नऊमध्ये आपटले होते, पण बाकीचं डोळ्यांनी दिसलं होतं. आईने मावशीला फोन करून खुर्ची दुसऱ्या कोणालातरी द्यायला सांगितलं. "गुणाची पोर," आई पुढे म्हणाली, आणि खेकडीने ते दाराआडून ऐकलं.

केंद्रात रुजू होण्याआधी ती दाखला घ्यायला कॉलेजात गेली, तर ज्युनियर पोरींनी तिला घेरलं. "ताई, बरण्या बदलल्या! आता आमचं कसं होणार? पण ताई, एका बरणीला टवका आहे. आम्ही अंगठा फिरवला. तीच ना वाळ्याची?"

खेकडी आत गेली. खरंच, एका नव्या कोऱ्या बरणीच्या कडेला टवका होता. ताजा, धारदार. तिने वाकून आत पाहिलं. नुसत्या वळ्या. देवगांडूळ.

तिला सरांचा रुमाल आठवला आणि ती इतकी हसली की सहायक धावत आला.

"सांग ना, ताई," पोरी म्हणाल्या. "वाळाच ना?"

"आमचे सीनियर तरी तसंच सांगायचे," खेकडी तिरकं बघत म्हणाली. मग शेजारच्या बरणीतून दोन काळे ठिपके तिच्याकडे बघताहेत असं तिला वाटलं. तिने एक सुस्कारा टाकला, भिंग उचललं आणि पहिल्या पोरीच्या हातात दिलं.

"अंगठा खिशात घाल," ती म्हणाली. "आणि त्याच्या डोळ्यांत बघ."