सामाईक पैशांची पिशवी

मी एक जुनी चेनची पिशवी आहे. मित्रांनो, माझ्याकडे बघून नाक मुरडू नका. कापड विटलंय, एक कोपरा उसवलाय आणि चेन मध्येच अडकते, हे मला दुसऱ्या कोणी सांगायला नको. जुन्या वस्तू आपली कहाणी सांगायला बसल्या की फार समजूतदारपणा दाखवतात. मला तो जमणार नाही. माझ्या पोटात परक्या मुलखातल्या नोटा पडून आहेत. त्या का पडून आहेत, हे सांगितल्याशिवाय मी गप्प बसणार नाही.

सोफे शिवणाऱ्या एका कारागिराने उरलेल्या जाड कापडातून मला शिवलं. एक नवी नवरी घर लावत होती, तिने सोफ्याचे पैसे चुकते केले आणि सुटे ठेवायला काहीतरी मागितलं. कारागिराने मला तिच्या हातात ठेवलं. अशी मी त्या घरात फुकट आले, पण फुकटची म्हणून मला तिथे कोणी कधी टाकून बोललं नाही.

पुढे तिला तीन मुलं झाली आणि ती सगळ्यांची आई झाली. मीही तिला आईच म्हणते. घरखर्चाचा सगळा पैसा माझ्यात असायचा. थोरल्याला बूट लागले, बूट आले. ताईला सहलीला जायचं होतं, ताई गेली. धाकट्याने शेजाऱ्यांच्या खिडकीची काच फोडली, दुसऱ्या दिवशी नवी काच बसली. हा खर्च कुणाच्या नावावर टाकायचा, असा प्रश्न त्या घरात कधी निघालाच नाही. आईला स्वतःसाठी काही घ्यायचं असलं की मात्र ती माझी चेन उघडायची, आत डोकावायची आणि चेन परत लावायची. "बघू पुढच्या महिन्यात," असं स्वतःशीच म्हणायची. तो पुढचा महिना मी काही पाहिला नाही. बाकी माझं कौतुक मात्र खूप झालं. या पिशवीला बरकत आहे, असं आईचे सासरे येईल त्याला सांगायचे. मीसुद्धा तेव्हा चांगली फुगून असायचे.

मग कार्डं आली, मोबाइलवरून पैसे जायला लागले आणि माझी रवानगी ड्रॉवरमध्ये झाली. संपलेले सेल, कुठल्या कुलपाच्या आहेत हे कुणालाच ठाऊक नसलेल्या चाव्या आणि मी. आई एकटी पडली होती, मुलं आपापल्या घरी गेली होती. तिची नजरही अंधूक व्हायला लागली. डॉक्टरांनी तिघांना बोलावून सांगितलं, काचबिंदू आहे. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली किती दिवस टिकेल सांगता येत नाही.

तिघं हेलावले. खोटं कशाला बोलू, मनापासून हेलावले. ताई रडली. थोरला म्हणाला, "आई, तुला काय बघायचंय ते सांग. कुठेही नेतो."

आईने प्रवास कंपनीच्या कागदावरचं एक चित्र दाखवलं. निळ्या समुद्रातलं एक बेट, तिथे एक होडी, होडीचा तळ काचेचा आणि खाली रंगीत मासे. "मला पोहता येत नाही, गुडघेही धड नाहीत," ती म्हणाली. "पण यात नुसतं बसायचं असतं ना? समुद्राच्या पोटात काय असतं तेवढं एकदा दाखवा. बाकी तुम्ही तिथे काय हवी ती मजा करा."

सुना, जावई आणि नातवंडं घरीच राहिली. तिघं भावंडं आणि आई असे चौघंच निघाले. थोरल्याने कुठेतरी वाचलं होतं की बेटावर रोख पैसेच चालतात. झालं! ड्रॉवर उघडला गेला आणि मी पुन्हा उजेडात आले. विमानतळावर पैसे बदलून तिघांनी सारख्या रकमा माझ्यात टाकल्या. थोरल्याने मला कमरेला बांधलं आणि नियम सांगितला. "जे सगळे मिळून खाऊ, सगळे मिळून वापरू, ते पिशवीतून. एकट्यादुकट्याची हौस ज्याची त्याने भागवायची. म्हणजे नंतर कटकट नको."

"जशी आज्ञा, खजिनदार," धाकटा म्हणाला आणि ते नाव थोरल्याला चिकटलं. त्यालाही ते आवडलं असावं.

बेट सुंदर होतं असं सगळे म्हणत होते. मला दिसली ती फक्त पैशांची बाजू. मोबाइलवरून पैसे जाईनात. हॉटेलात कार्ड चालायचं, पण वर अधिभार लागायचा. धाकट्याने जेवणाचं बिल कार्डाने दिलं तेव्हा मशीनने विचारलं, पैसे तुमच्या चलनात कापू की इथल्या? त्याने आपलं चलन निवडलं आणि भलत्याच भावाने पैसे कापले गेले. खजिनदाराने त्याला सगळ्यांदेखत फैलावर घेतलं. जेटीवर पैसे काढायचं एकच मशीन होतं. ते मोठाल्या नोटा द्यायचं, पहिलं शुल्क ते घ्यायचं, दुसरं आपली बँक घ्यायची आणि त्या मोठ्या नोटेचे सुटे बेटावर कुणाकडेच नसायचे. त्यामुळे माझा भाव वाढला. खजिनदार मला उशाखाली घेऊन झोपायचा. समुद्रात डुंबायला जाताना प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून बरोबर न्यायचा. इतकं तर मला आईनेही जपलं नव्हतं.

मित्रांनो, मी तेव्हा सुखावले होते. आता त्या जपणुकीचा मला संताप येतो.

पहिले काही दिवस पोहण्यात आणि उन्हात लोळण्यात गेले. तिघं तोंडाला श्वासाची नळी लावून पाण्यात शिरायचे आणि बाहेर येऊन आईला सांगायचे, "काय मासे आहेत गं आत!" आई वाळूत खुर्चीवर बसून हसायची. मग एका सकाळी ती काचेच्या तळाची होडी किनाऱ्याला लागली आणि आई आपली आपण उठून उभी राहिली.

"हीच ना रे ती?" तिने विचारलं.

होडीवाल्याला आपली भाषा येत नव्हती. त्याने बोटांनी किंमत दाखवली. खजिनदाराचा हात माझ्या चेनपर्यंत आला आणि थांबला.

"तुम्ही कोण कोण येताय?" त्याने भावंडांना विचारलं.

"आम्ही कशाला? आम्ही आत जाऊन बघितलंय की सगळं," धाकटा म्हणाला.

"मग हा सामाईक खर्च नाही होत," खजिनदार म्हणाला. "एकटी आईच जाणार. नियम म्हणजे नियम. तिघांनी वेगळे काढा."

"माझ्याकडे रोख आहे कुठे? सगळं तुझ्या त्या पिशवीत," धाकटा म्हणाला. "आता मशीनवर जाऊन दोन्हीकडची शुल्कं भरू का? आधीच त्या बिलात मी बुडालोय."

ताईकडे सुटे होते. पर्समध्ये होते, मला ठाऊक आहे. पण ती तोंड फिरवून म्हणाली, "मी दिले असते रे, पण विमानतळावरच्या टॅक्सीचे मीच दिलेत. ते अजून कोणी विचारले नाहीत. दर वेळी मीच का?"

"टॅक्सीचं नंतर बघू म्हणालो होतो ना!"

"तुझं नंतर कधी येतं?"

तिघांचा आवाज चढला. आई मध्ये उभी. तिने हळूच रुमालाची गाठ सोडली, घरून आणलेल्या आपल्या नोटा काढल्या आणि होडीवाल्यापुढे धरल्या. त्याने त्या बघून मान हलवली.

"आई, आपले पैसे इथे चालत नाहीत," खजिनदार म्हणाला.

"मग तू बदलून दे मला. तुझ्या पिशवीत आहेत ना? माझे मी देते, मग भांडण नको."

मित्रांनो, यावर तिचा मुलगा काय म्हणाला असेल? तो म्हणाला, "बदलून देतो, पण भाव कुठला धरायचा? विमानतळावरचा की आजचा?"

माझी चेन त्या वेळी माझ्या हातात असती ना, तर सगळ्या नोटा वाळूत ओतल्या असत्या. ज्या बाईने आयुष्यभर माझ्यातून काढून यांना दिलं, तिला हा भाव विचारत होता!

आईचा पडलेला चेहरा होडीवाल्याला दिसला असावा. तो तिच्याकडे बोट दाखवून हसला आणि त्याने आपली निम्मी बोटं मिटली. आजीला निम्म्यात नेतो, असं खुणेनेच म्हणाला बिचारा. त्याने तिला चढायला हातही पुढे केला. आईने पाऊल उचललं होतं.

"थांब आई!" खजिनदार ओरडला. त्याचा चेहरा उजळला होता. "बघितलंत? लगेच निम्म्यावर आला! म्हणजे मुळात फुगवून सांगितलेलं. ही यांची रीतच असते. आज नाही म्हणायचं, उद्या आणखी उतरेल. पैसेही वाचतील आणि आपलं भांडणही मिटेल."

धाकट्याला ते पटलं. ताईनेही पर्स बंदच ठेवली. आई म्हणाली, "उद्या तर उद्या." ती परत खुर्चीवर जाऊन बसली आणि होडी दुसरी माणसं घेऊन गेली. ती पाण्यात दूर जाईपर्यंत आई डोळे बारीक करून बघत होती.

दुसऱ्या दिवशी वारा सुटला. समुद्र गढूळ झाला, किनाऱ्यावर लाल बावटा लागला आणि सगळ्या होड्या वर ओढून ठेवल्या गेल्या. आई जेवायलासुद्धा किनाऱ्यावरून हलेना. त्यानंतरच्या सकाळी आमची परतीची बोट होती.

बोटीत खजिनदाराने मला उघडलं आणि तो खूश झाला. "अरे, बरेच उरलेत की! आपण फार नीट सांभाळलं." जेटीवर पैसे बदलून देणारा बसला होता, पण त्याचा भाव खजिनदाराला पसंत पडला नाही. घरी गेल्यावर बँकेत बदलू, चांगले मिळतील, मग तिघांत सारखे वाटू, असं ठरलं. घरी आल्यावर बँकेतल्या बाईंनी नोटा उलटसुलट करून बघितल्या आणि परत दिल्या. हे चलन आम्ही घेत नाही, म्हणाल्या. दुसऱ्या बँकेतही तेच ऐकायला मिळालं. मग वाटायला काही राहिलं नाही. खजिनदाराने मला नोटांसकट आईच्या ड्रॉवरमध्ये टाकलं आणि हात झटकले. टॅक्सीच्या पैशांवरून ताई आणि तो अजूनही धड बोलत नाहीत.

आईची नजर त्यानंतरच्या हिवाळ्यात गेली.

परवा ताई आली होती. आई रुमाल शोधायला ड्रॉवर चाचपत होती, तिच्या बोटांना मी लागले. तिने मला लगेच ओळखलं. चेन अडली तिथे जरा मागे घेऊन, पुन्हा ओढून तिने ती बरोबर उघडली आणि आतल्या नोटा बाहेर काढल्या.

"या तिकडच्याच ना गं?"

"हो आई."

"किती आहेत?"

ताईने मोजल्या. पुन्हा एकदा मोजल्या. मग म्हणाली, "आपण सगळे होडीतून जाऊन आलो असतो, तरी उरले असते."

आई चिडेल, निदान एक तरी शब्द बोलेल, असं मला वाटलं. मी वाट बघत होते. तिने नोटेवरून अंगठा फिरवला. "यावर चित्र काय आहे? मी तिथे बघितलंच नाही. तुमच्या दादाने कधी हातात दिली नाही."

"मासा आहे," ताई म्हणाली.

"हो का?" आईने नोट चेहऱ्याजवळ नेली. "कुठल्या रंगाचा आहे?"

नोट मळकट करड्या रंगाची होती. मासाही करडाच होता.

"निळा," ताई म्हणाली. "निळा आहे, आई. अंगावर पिवळे पट्टे आहेत."

मित्रांनो, माझ्यासारख्या पिशव्या जपा असं सांगायला मी इथे आलेले नाही. मला टाकून द्या, पायपुसणं करा, माझी काही तक्रार नाही. पण उद्या तुमच्या कमरेला सगळ्यांचे पैसे असतील आणि तुमची आई होडीवर पाय ठेवायला निघाली असेल, तेव्हा तिचा खर्च कुणाच्या हिश्शात धरायचा हे विचारू नका. चेन उघडा आणि पैसे द्या.

आई अजून ती नोट हातात घेऊन बसली आहे. ताईला म्हणते आहे, "पट्टे कुठून कुठे आहेत गं? माझं बोट त्यावर फिरव."