सासऱ्याचा फोटो

मल्हारी शेळीची धार काढत होता, तेव्हा त्याचा मेव्हणा पुंजाराम सोयगावहून त्याच्याच मरणाचा दुखवटा घेऊन आला. काखेत बहिणीसाठी लुगडं, डोळ्यांना उपरणं. "या पाव्हणं," असं मल्हारीनं म्हणताच पुंजाराम मटकन लेंड्यांत बसला.

"दाजी, तुम्ही हायात?"

"आतापर्यंत तर हाये. का?"

"टीव्हीत तुमच्या फोटूला हार घातलाय! उदबत्ती बी लावलीय."

मग उलगडा झाला. उन्हाळ्यात फर्दापूरला मालिकेचं शूटिंग आलं होतं. तिथल्या एकानं "फेटा झकास बांधलाय" म्हणून मल्हारीचा फोटो काढला होता. त्या फोटोला आता मालिकेतल्या सुनेचा स्वर्गवासी सासरा केलं होतं. सून रोज त्याच्यापुढं उभी राहून रडायची.

मल्हारीच्या बायकोची, बानाबाईची तर वाचाच बसली. तिला पुन्हा बोलती केली आळीतल्या वच्छलाबाईनं. नातीच्या हळदीच्या पाच सवाष्णींतून तिनं बानाबाईला वगळलं. म्हणाली, "तुझा नवरा जिता हाय, व्हय बाई. पण हार बी हाय ना!"

"हार उतरवून या, मंगच जेवायला बसा," बानाबाईनं नवऱ्याला बजावलं.

मल्हारीनं संभाजीनगर गाठलं. औरंगपुऱ्यात, जिन्याच्या वर कलाकारांची संघटना होती. सचिव नानासाहेब जुने नट. समोर एकच माणूस असला तरी शेवटच्या रांगेसाठी बोलायचे.

"सभासद आहेस?"

"नाय."

"बिगरसभासदाकडून काम करून घेतलं!" नानासाहेबांनी टेबलावर मूठ आपटली.

"म्या काम नाय केलं साहेब. नुसता मेलोय."

"रोज दिसतोस ना? मग ते कामच. इथं आमची माणसं अकरा-अकरा वर्षं घरी बसलीयत, मल्हारीराव!"

निर्मात्याला पत्र गेलं. शूटिंग बंद पाडायची धमकी गेली. आठव्या दिवशी नानासाहेबांचा फोन आला, "काम फत्ते. सोमवारपासून तुझा फोटो नाही."

सोमवारी अख्खी आळी मल्हारीच्या टीव्हीपुढं. वच्छलाबाई सगळ्यांत पुढं. सून आली, उदबत्ती लावली, रडली. हार तोच, चौकट तीच. सासरा मात्र बदलला होता, आणि मालिकेतल्या घरात कुणालाच त्याचं काही वाटलं नाही.

मल्हारी टीव्हीजवळ सरकला. केसांना काळा कलप लावून, चौकटीतून नानासाहेब हसत होते.

त्यानं लगेच फोन लावला. "साहेब, हार तुमच्या फोटूला!"

"बघितलास? तोंडावर उजेड पडतोय ना?"

"अवो, जित्या माणसाला! पुन्यांदा पत्र टाका, उतरवा म्हनावं."

नानासाहेब पहिल्यांदाच हळू बोलले, "नको रे. अकरा वर्षांनी काम मिळालंय."

मल्हारीनं फोन ठेवला. वच्छलाबाई उठली, बानाबाईला हळदीचं आवतण दिलं आणि गेली. पुंजारामानं आणलेलं दुखवट्याचं लुगडं अजून वळणीवरच होतं. बानाबाई त्या लुगड्याकडं बघत राहिली.

"अवो," ती म्हणाली, "त्यांला बायकू हाय का?"