हात न लागलेला चेंडू

मुदीरसाहेब तरुणपणी अमेरिकेत शिकायला गेले आणि येताना पदवीबरोबर बेसबॉलचं वेडही घेऊन आले. वेड साधंसुधं नव्हतं. जुबैलमधल्या आपल्या कंत्राटी कंपनीत त्यांनी चक्क पगारी संघ पोसला होता. खेळाडूंच्या इकाम्यावर, म्हणजे तिथल्या राहण्याच्या परवान्यावर, कुणी मजूर, कुणी स्टोअरकीपर असं काहीबाही लिहिलेलं असे, पण काम एकच. आठवडाभर सराव करायचा आणि शुक्रवारी जुम्याची नमाज झाली की फिलिपिनो, जपानी नाहीतर अमेरिकन कंपनीच्या संघाशी सामना खेळायचा. आता सौदीत बेसबॉल खेळायला माणसं आणायची कुठून? मुदीरसाहेबांनी ती कोकणातून आणली. चेंडू झेलणारा तो झेलणारा, त्याला नाव क्रिकेटचं असो की बेसबॉलचं, असा त्यांचा हिशेब.

वहाब त्यातला पहिला. दापोलीजवळच्या खाडीकाठच्या गावातला. गावच्या टुर्नामेंटमध्ये पंचांनी त्याची बोलिंग 'फेकी' म्हणून बंद केली होती आणि इथे अकरा वर्षं तो फेकण्याचाच पगार घेत होता. चव्वेचाळिशीला आल्यावर खांदा बोलू लागला तेव्हा त्याला डाव्या बाजूला, मागे, उंच चेंडू झेलायला उभं केलं. मधल्या बाजूला उभा राहायचा उस्मान. तो वहाबच्याच आळीतला, एकोणतीस वर्षांचा, हरणासारखा पळणारा. वहाबनेच मुदीरसाहेबांकडे शब्द टाकून त्याला आणलं होतं. निघताना उस्मानच्या आईने पोराचा हात वहाबच्या हातात दिला होता, आणि तो हात आपण सांभाळतोय असं वहाबला खरोखर वाटायचं.

संघात कोकणातले पाच जण होते, त्यामुळे मैदानावरची बोली गावचीच राहिली. चेंडू उंच उडून दोघांच्या मध्ये पडणार असेल तर एकाने ओरडायचं, 'माझा' नाहीतर 'तुझा'. आणि वयाने मोठा जे ओरडेल ते शेवटचं. धाकट्याने वाद घालायचा नाही, पळत सुटायचं. गावात या एका रिवाजामुळे डोकी फुटायची वाचली होती. संघाचे अमेरिकन प्रशिक्षक आधी वैतागले, मग त्यांनीही नाद सोडला.

दोन हजार तेरा साल उजाडलं आणि जिकडेतिकडे निताकतची, म्हणजे सौदी माणसं भरण्याच्या सक्तीची, अंमलबजावणी सुरू झाली. जिथे सौदी माणसं कमी, ती कंपनी लाल पट्ट्यात. लाल पट्ट्यातल्या कंपनीला परदेशी माणसांचे इकामे वाढवून मिळेनात. मुदीरसाहेबांची कंपनी लालेलाल. दर महिन्याला काही परदेशी कमी करायचे आणि तेवढे सौदी भरायचे असं ठरलं, आणि त्यातून संघ तरी कसा सुटणार? ऑक्टोबरात हंगाम सुरू झाला, पहिले दोन सामने हरले, आणि मुदीरसाहेबांनी शांतपणे नियम सांगितला. ज्याच्या नावावर जास्त चुका, त्याचा खुरूज. म्हणजे पासपोर्टवर कायमचं जाण्याचा शिक्का, आणि घरच्यांचाही त्याच्याबरोबर.

वहाबच्या तोंडचं पाणी पळालं. त्याची बायको रईसा आणि मुलगी लाइबा इथेच होत्या. लाइबा इंडियन स्कूलमध्ये बारावीला. बोर्डाचा फॉर्म इथल्या केंद्राचा भरलेला, परीक्षा मार्चमध्ये. त्याआधी शिक्का बसला तर पोरीचं वर्ष गेलं. वहाबला बाकी काही नको होतं. एप्रिलमध्ये हाकललं असतं तर त्याने हसत पेट्या बांधल्या असत्या. मार्चपर्यंत राहायचं, एवढंच त्याने देवाकडे मागितलं होतं.

चुका लिहायचं काम नाशिकच्या उदयकडे होतं. तो कंपनीत प्लॅनिंग इंजिनीअर. बेसबॉलचं नियमांचं पुस्तक अख्खं वाचणारा सगळ्या कंपनीत तो एकटाच निघाला, म्हणून मुदीरसाहेबांनी स्कोअरची वही त्याच्या गळ्यात बांधली. सज्जन माणूस, आणि वहीत खोटं लिहिणं त्याला जमण्यासारखं नव्हतं. शिवाय मुदीरसाहेबांचा पुतण्या प्रत्येक सामना कॅमेऱ्यात धरायचा. रविवारी सकाळी कँटीनबाहेर कागद लागायचा. नावं आणि पुढे चुका. तो कागद वाचताना नाश्त्याची भूक मरायची.

एकदा सरावानंतर वहाबने उदयला सहज विचारल्यासारखं करून विचारलं की चूक नेमकी कधी धरतात.

"चेंडूपर्यंत पोचलात, हात लागला आणि सुटला, तर चूक," उदय म्हणाला. "पोचलाच नाहीत तर तुमची चूक नाही, वहाबभाई. तो समोरच्याचा चांगला फटका."

उदयने भाबडेपणाने नियम सांगितला. वहाबच्या डोक्यात मात्र तो विषासारखा भिनला.

पुढच्या शुक्रवारी एक चेंडू त्याच्यापासून पंधरा पावलांवर पडायला आला. एरवी असा चेंडू त्याने डोळे मिटून घेतला असता. त्या दिवशी मनात आलं, हात लागून सुटला तर? तो पळाला, पण पळाल्यासारखं करून. चेंडू समोर टप्पा खाऊन निघून गेला. संघ हरला आणि रविवारी कागदावर वहाबच्या नावापुढे शून्य. त्याला लाज वाटली आणि हायसंही वाटलं, आणि हायसं वाटलं याची पुन्हा लाज वाटली.

असलं शहाणपण एकट्याकडे थोडंच राहतं. बाकीच्यांनीही हळूहळू ते उचललं. चेंडू आला की माणसं दोन पावलं उशिरा निघू लागली, आणि चुकांचा कागद स्वच्छ होत गेला तसा संघ जास्तच हरू लागला. डिसेंबरअखेर नऊ सामने, नऊ हार. तरी तीन जण गेले, कारण कागदावर कुणाचं तरी नाव सर्वांत वर असणारच. त्यांच्या जागी तीन सौदी तरुण आले. त्यातला उसामा बावीस वर्षांचा, बेसबॉल आयुष्यात प्रथमच बघणारा, पण शिकायला उत्सुक. उस्मानने त्याला हाताशी धरलं आणि झेल कसा घ्यायचा, कुठे उभं राहायचं, 'माझा', 'तुझा' कधी ओरडायचं, सगळं शिकवलं. आपल्या जागेवर उद्या हाच येणार हे उस्मानला कळत नव्हतं असं नाही. पण तो पोरगाच तसा होता. उंच चेंडूमागे जीव तोडून पळणाराही आता तोच एकटा उरला होता.

जानेवारीतल्या दहाव्या सामन्यात ते झालं. वहाब आणि उस्मान दोघांच्या नावावर तेव्हा सर्वांत जास्त, दोन-दोन चुका होत्या. फिलिपिनो फलंदाजाने चेंडू उंच मारला. डाव्या बाजूला, वहाबच्या डोक्यावर. चार पावलं मागे सरकायचं, एवढंच. चेंडू वर उन्हात होता आणि वहाबला चेंडू दिसतच नव्हता. त्याला लाइबा दिसत होती, टेबलावर फिजिक्सचं पुस्तक उघडून बसलेली. इतक्या जवळचा चेंडू सोडताही येत नाही. पुतण्याचा कॅमेरा रोखलेला. तोंडातून शब्द निघून गेला.

"तुझा!"

उस्मान तीस पावलं दूर होता. त्याने एकदा वहाबकडे बघितलं. मग वयाने मोठ्या माणसाने सांगितलंय म्हटल्यावर तो पळत सुटला. ज्या अंतरावरून दुसरा कुणी निघालाही नसता तिथून तो पोचला, आडवा झेपावला, आणि चेंडू हातमोज्याच्या टोकाला लागून खाली पडला.

उदयने वहीवरून मान वर केली नाही. सामन्यानंतर वहाब त्याच्याजवळ जाऊन उभा राहिला.

"हात लागला होता, वहाबभाई," उदय खाली बघत म्हणाला. "मी काय करू?"

रविवारी कागद लागला. उस्मानचा शिक्का त्याच आठवड्यात झाला. गावी त्याचा निकाह ठरला होता आणि मुलीकडच्यांनी सौदीतली नोकरी बघूनच होकार दिलेला. विमानतळावर सोडायला वहाब गेला. उस्मान नेहमीसारखाच बोलत होता, चाचीला सलाम सांगा, लाइबाला म्हणावं अभ्यास कर. त्या चेंडूबद्दल चकार शब्द नाही. वहाबला वाटलं, पोराच्या लक्षात आलं नाही. उन्हात कुणाला कळतंय चेंडू कुणाचा होता ते. रईसाने विचारलं तेव्हाही त्याने हेच सांगितलं की बिचाऱ्याचा झेल सुटला. महिनाभराने उस्मानच्या आईचा रईसाला फोन आला. निकाह मोडला होता. रईसा त्या दिवशी रडली. वहाब बाहेर जाऊन गाडी पुसत बसला.

मधल्या बाजूला आता उसामा उभा राहायचा. फेब्रुवारी सरत आला. लाइबाचा पहिला पेपर दहा दिवसांवर. वहाबच्या नावावर आता तीन चुका होत्या आणि तो दिवस मोजत जीव मुठीत धरून उभा राहत होता. त्या शुक्रवारी एक चेंडू उंच उडाला, मधल्या बाजूला, थेट उसामाच्या डोक्यावर. वहाब निवांत बघत होता. चेंडू त्याचा नव्हताच.

"तुझा!" उसामा ओरडला.

आता सगळं मैदान, मुदीरसाहेब, कॅमेरा, उदय, सगळे त्याच्याकडे बघत होते. उलट 'तुझा' ओरडायला वेळ नव्हता आणि न पळून चालणार नव्हतं. तो धावला. छाती फुटेल असा धावला, चव्वेचाळीस वर्षांचा, दुखऱ्या खांद्याचा माणूस. शेवटच्या क्षणी हात पुढे केला आणि चेंडू बसला हातमोज्यात. का बसला ते त्यालाही सांगता आलं नसतं. तो वाळूत तसाच पडून राहिला आणि ओक्साबोक्शी रडावंसं वाटत असूनही रडला नाही.

उसामा धावत आला आणि त्याला हात देऊन उठवू लागला. चेंडू तुझ्या डोक्यावर होता, मग मला का सांगितलंस, असं वहाबने धापा टाकत विचारलं. पोरगा ओशाळला. मोडक्यातोडक्या हिंदीत, अगदी निर्मळपणे म्हणाला, "मुझे डर लगा. उस्मान ने सिखाया था, डर लगे तो 'तुझा' बोलना."

वहाबने त्याचा हात सोडला. म्हणजे उस्मानला कळलं होतं. विमानतळावर चाचीला सलाम सांगतानाही कळलेलं होतं.

तो सामनाही ते हरले. चौदाच्या चौदा सामने हरून हंगाम संपला आणि मुदीरसाहेबांनी संघच मोडून टाकला. उरलेल्या सगळ्यांना महिनाअखेरचा खुरूज, वहाबलाही. पण तोवर मार्च उजाडला होता आणि लाइबाचे पेपर सुरू झाले होते. तिने सगळे दिले, तेही चांगले. शेवटच्या पेपराला वहाब रईसाला घेऊन शाळेबाहेर गाडीत थांबला होता. लाइबा हसत बाहेर आली आणि "डन, अब्बा," म्हणून मागच्या सीटवर आडवी झाली. सहा महिने जे मागितलं ते मिळालं होतं. आता घाबरण्यासारखं काही उरलं नव्हतं.

तेवढ्यात फोन वाजला. उस्मानचा होता. वहाब परत येणार ही बातमी गावात पोचली होती. इकडची तिकडची विचारपूस करून तो म्हणाला, "चाचा, कुठल्या गाडीवाल्याला सांगू नका. विमानतळावर मीच गाडी घेऊन येतो. पेट्या वर टपावर बांधू, चाची आणि लाइबा मागे आरामात बसतील. तुम्ही माझ्याजवळ पुढे बसा."

मुंबईपासून गावापर्यंत सात-आठ तासांचा रस्ता. पुढच्या सीटवर, उस्मानच्या शेजारी. आणि नंतर रोज, तीन घरं सोडून.

"कोण येणारे?" शेजारी बसलेल्या रईसाने विचारलं. उस्मान, असं त्याने सांगितलं. रईसाला इतका आनंद झाला की ती लाइबाकडे वळून सांगू लागली. वहाबने गाडी सुरू करायला किल्लीला हात घातला, पण ती फिरवली नाही. हा चेंडू थेट त्याच्याच डोक्यावर होता, आणि या वेळी ज्याला 'तुझा' म्हणावं असं शेजारी कुणी उभं नव्हतं.